रात्री आठला घरी पोचणाऱ्यांचा स्वयंपाक

रानजाई

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वय ४३, आई-बाबा दोघांनाही साखर, त्यामुळे काळजात धस्स झालं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, आठवडाभर जे जे पोटात जाईल ते वहीत लिहा आणि मग या.

ती वही मी जपून ठेवली आहे. दुपारचा डबा रोज घरचा होता. रात्रीची जेवणं मात्र अशी: पावभाजी, मागवलेली बिर्याणी, ब्रेड आणि चहा, मागवलेलं पनीर आणि नान, भेळ, पुन्हा ब्रेड. शिवाय स्टेशनबाहेरचा वडापाव, तीनदा. त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी अगदी खात्रीने सांगितलं असतं की आम्ही घरचंच जेवतो.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात. सकाळी पावणेआठची गाडी आणि रात्री घरात पाऊल टाकायला आठ. नवऱ्याचं ऑफिस ठाण्यात, तो साडेसातपर्यंत येतो. मुलगी नववीत. वही समोर ठेवून आम्ही तिघं बसलो तेव्हा कळलं की स्वयंपाकाला लागणारा वेळ ही खरी अडचण नव्हतीच. पिठलं पंधरा मिनिटांत होतं, मागवलेली बिर्याणी यायला पाऊण तास लागतो. अडचण होती ती आठ वाजता ओट्यापाशी उभं राहून 'आज काय करू' हे ठरवण्याची. दिवसभर दमलेल्या डोक्याला ते ठरवणंच जमत नाही, आणि मग हात फोनकडे जातो.

म्हणून पहिली गोष्ट केली ती ही, की रात्रीचं जेवण वारांना बांधून टाकलं. सोमवारी सालाच्या मुगाची खिचडी. मंगळवारी पिठलं-भाकरी. बुधवारी मोड आलेल्या मटकीची उसळ, कारण रविवारी भिजवलेली मटकी तोवर संपवायलाच हवी. गुरुवारी थालीपीठ आणि दही. शुक्रवारी वरणफळं किंवा पालेभाजी घातलेली आमटी आणि भात. बरोबर काकडी, टोमॅटो, मुळा, जे असेल ते चिरून. बस. पोळी, दोन भाज्या, वरण, भात, कोशिंबीर असं भरलेलं ताट फक्त रविवारी. हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमच्या आईने एका भाजीवर कधी कुणाला जेवू घातलं नाही, आणि खिचडीवर भागवलं म्हणजे आपण कमी पडलो असं कितीतरी दिवस वाटत राहायचं. आता वाटत नाही.

रविवारी दीड तास तयारीचा. शिजवून ठेवत नाही काही. दाण्याचं कूट, खवलेलं खोबरं डब्यात भरून फ्रीजरमध्ये, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून बर्फाच्या ट्रेमध्ये, पालेभाजी निवडून कागदात गुंडाळून, गवार मोडून, लसूण सोलून. सालं काढत नवरा बसतो, मुलगी मिक्सरवर जवसाची आणि कारळ्याची चटणी करते.

तेलही मोजलं. चौघांत (सासूबाई धरून) महिन्याला पाच लिटर लागायचं, म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर. आता तीन लिटर पुरतं. फोडणी मी अजूनही पळीतच करते, फक्त पळी लहान घेतली.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५.८ आलं. डॉक्टर म्हणाले, स्टेशनपासून चालत यायला लागलात तेही यात धरा. धरलंय. तुम्ही सगळे रात्रीचं काय करता ते ऐकायचं आहे, विशेषतः ज्यांचे हाल माझ्यापेक्षा जास्त आहेत त्यांचं.

निळीशाई

वारांना जेवण बांधणं फार पटलं. माझ्या माहेरी सांगलीला सोमवारी उपास, गुरुवारी खिचडी, शनिवारी उडदाचं घुटं हे असंच ठरलेलं असायचं. त्या बायकांनी डोक्याचा ताप आधीच काढून टाकला होता, हे आज तुमचं वाचताना कळलं.

एक विचारते. मटकी मुंबईत चोवीस तासांत मोडावते, आमच्याकडे पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस बांधून ठेवली तरी नुसती फुगते. काही उपाय?

रानजाई

कोमट पाण्यात भिजवा, आठ-दहा तासांनी उपसून फडक्यात बांधा आणि ते गाठोडं कुकरच्या भांड्यात ठेवून वर झाकण लावा. कुकर पिठाच्या डब्याशेजारी, कोपऱ्यात, वर जाड टॉवेल. फडकं कोरडं पडू देऊ नका. माझी पुण्यातली नणंद असंच करते.

चाकणकर

ताई, मी चाकणला कंपनीत आहे, तीन पाळ्या. खोलीवर एकटा राहतो. गाव परभणी जिल्ह्यातलं. दोन वर्षं मेसवर काढली. भाजीवर बोटभर तवंग, डाळ म्हणजे पिवळं पाणी. ॲसिडिटीची गोळी रोजची झाली तेव्हा मेस सोडली. सध्या सकाळी पोहे, दुपारी कंपनीची कॅन्टीन आणि रात्री अंडाभुर्जी-पाव. हेच रोज. इंडक्शन शेगडी आहे, एक कढई आहे. स्वयंपाक येत नाही असं नाही, चहा-पोहे-भुर्जी येतं. पण पुढे कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. आई फोनवर सांगते ते 'अंदाजाने घाल' असं असतं आणि मला अंदाजच नाही.

मीठभाकर

चाकणकर, तुम्हाला मापाने सांगते. आधी तीन लिटरचा कुकर घ्या, इंडक्शनवर चालणारा, तळ सपाट असलेला. त्यात दोन छोटी भांडी बसतील असा.

खिचडी: एक वाटी तांदूळ, एक वाटी सालाची मूगडाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास निथळत. कुकरमध्येच दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, चार लसूणपाकळ्या, एक चिरलेला कांदा, मूठभर कुठलीही भाजी. तांदूळ-डाळ परतून पाच वाट्या गरम पाणी, दीड चमचा मीठ, तीन शिट्ट्या. ही दोन वेळची होते. डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे घ्या, तांदळाच्या चौथाई डाळ घातली की तो नुसता पिवळा भात होतो. कच्ची डाळ १०० ग्रॅम घेतली तर तिच्यात साधारण २२-२४ ग्रॅम प्रथिनं असतात. मेसच्या त्या पिवळ्या पाण्यात मूठभर डाळ दहा जणांत वाटलेली असते, म्हणून ती जेवून तासाभरात पुन्हा भूक लागते.

खिचडी जमली की महिनाभर दुसरं काही शिकू नका, तिच्यातली भाजी तेवढी बदला. हात बसला की पिठलं.

आजोळ

मी निवृत्त आहे, ७१ वर्षांची, लालबागला वाढले. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

'घरचं अन्न' म्हणजे प्रत्येकाने स्वतःच शिजवलेलं अन्न, असं आपण धरून चाललो आहोत. मुंबईत ते कधीच तसं नव्हतं. माझ्या लहानपणी गिरणगावात घाटावरून, कोकणातून आलेले गिरणी कामगार खानावळीत जेवायचे. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई पंधरा-वीस जणांचं दोन वेळचं रांधायची. आमच्या शेजारच्या काकू पहाटे चारला चूल पेटवायच्या, कारण पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा. त्या भाकरीला कुणी बाहेरचं खाणं म्हटलं नाही. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. आणि डबेवाले तर १८९० पासून घरचं जेवण ऑफिसात पोचवताहेत.

सांगायचं एवढंच, की आपल्या गल्लीत एखादी बाई पोळ्या, भाकऱ्या, भाजी चांगली करत असेल तर तिच्याकडून घ्या. तिला तेल कमी घालायला सांगा, ती घालते. तिला वेळेवर आणि नीट पैसे द्या. सगळं स्वतःच केलं पाहिजे या हट्टात नोकरी करणाऱ्या मुली वाळून जाताना मी पाहिल्या आहेत.

रानजाई

आजोळ काकू, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पटतं. भाकरी मी स्वतः आठवड्यातून दोनदा आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंकडून घेते, आठवड्याच्या गडबडीत माझ्या हातून ती नीट थापली जात नाही.

भाजी-आमटीच्या बाबतीत मात्र माझं मन होत नाही. मीठ, तेल, साखर या तीन गोष्टी माझ्या हातात असल्या की मला रिपोर्टची भीती कमी वाटते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, त्यातच लोणचं, पापड, बिस्किटं सगळं आलं. बाहेरच्या भाजीत किती आहे ते मला कसं कळणार?

पहाटपाळी

मी परिचारिका आहे, नाशिकला. रात्रपाळी आठ ते आठ. रानजाई, तुम्ही 'माझ्यापेक्षा जास्त हाल' म्हणालात म्हणून लिहिते.

आमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता जी भूक लागते ती बिस्किटं, चहा, फरसाण यांवर जाते. वर्षानुवर्षं. मागच्या जूनमध्ये माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईचं १२ तरी हवं. रोज रुग्णांना लोहाच्या गोळ्या देणारी मी. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

गोळ्या सुरू केल्या, त्या लागतातच, नुसत्या खाण्याने एवढी तूट भरून निघत नाही. पण खाणंही बदललं. आता निघण्याआधी सातला पोटभर जेवते: भाकरी, पालेभाजी किंवा उसळ, वर लिंबू पिळून. लिंबामुळे भाजी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते कमी होतं, हे शिकताना पाठ केलं होतं, वागले कधीच नव्हते. आता चहा जेवणानंतर तासाने. रात्री दोनला थर्मासमधून नाचणीचं आंबील, ताक घातलेलं, किंवा मुगाचं कढण. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आणि बरोबर एक अळिवाचा लाडू. सकाळी घरी आल्यावर जड काही नाही, मऊ भात, मेतकूट, तूप, आणि झोप. पूर्वी आल्या आल्या मिसळ किंवा समोसे व्हायचे आणि मग जळजळीने झोप लागायची नाही.

सहा महिन्यांत ११.६ पर्यंत आलं. आंबील करायला दहा मिनिटं लागतात: दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचं, निवलं की ताक, मीठ, जिरेपूड. गरम असताना ताक घालू नका, फाटतं.

निळीशाई

पहाटपाळी, तुमच्या वॉर्डातल्या बाकीच्या मुलींनाही देता का आंबील?

पहाटपाळी

हो. आता आम्ही चौघी आळीपाळीने मोठा थर्मास आणतो.

श्टुटगार्टवासी

जर्मनीत सात वर्षं. इथे रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी आठवड्याची भाजी आणली नाही तर सोमवारपर्यंत ब्रेडवर राहायची पाळी. या एका गोष्टीने मला शिस्त लागली. तुर्की दुकानांत मसूर डाळ, छोले, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, पुदिना सगळं मिळतं. नवलकोल तर इथली रोजची भाजी, आणि तिची डाळ घालून केलेली भाजी पुण्यात खाल्ली त्याहून चांगली होते. दलिया म्हणून बुलगुर घेतो, त्याचा उपमा वीस मिनिटांत. पालक गोठवलेला, चिरलेला मिळतो, मसुरीच्या आमटीत दोन मुठी टाकल्या की झालं. मसूर डाळ भिजवायला लागत नाही, पंधरा मिनिटांत उघड्या भांड्यात शिजते. एकट्या राहणाऱ्याला तिच्यासारखा आधार नाही.

रविवारी भातही जास्त शिजवून ठेवतो, तीन दिवस पुरतो.

प्रयोगवही

श्टुटगार्टवासी, भाताबद्दल थोडी काळजीची सूचना. मी महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन् तास राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवण्यापेक्षा एक दिवसाचाच ठेवा, आणि शिजल्यावर पसरट ताटात काढून तासाभरात फ्रीजमध्ये जाऊ द्या. त्याहून जास्त हवा असेल तर लगेच गोठवा.

आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे. पण ती पडली तेव्हा रात्रीचं जेवण साडेसातला आणि फोडणीचा भात सहाला व्हायचा. आता अकराचा भात, रात्रभर ओट्यावर आणि सकाळी दहाला डब्यात, मे महिन्यात. तो भात टाळा.

श्टुटगार्टवासी

हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. आजपासून गोठवतो.

कावेरीकाठ

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट टोचते आहे ती लिहिते, राग मानू नये.

रानजाईंच्या घरात नवरा सालं काढतो, मुलगी चटणी करते. फार चांगलं आहे. पण माझ्यासारख्या कितीजणींच्या घरी 'पौष्टिक घरचं जेवण' याचा अर्थ बाईने पहाटे पाचला उठावं एवढाच होतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं आणि करणाऱ्या पुरुषांचे ९७. जवळजवळ पाच तास! मी शाळेत शिकवते, मुख्याध्यापक आहे, आणि घरी आल्यावर सासरे, नवरा, दोन मुलगे जेवणाची वाट बघत टीव्हीसमोर असतात. मुलगे एक बावीसचा, एक एकोणीसचा. ज्या दिवशी मी बाहेरून मागवते त्या दिवशी सगळ्यांना कळतं की पौष्टिक खायला हवं.

नियोजन, वाटणाची ट्रे, मोडाची मटकी, सगळं मला येतं. मला आणखी एक पाककृती नको आहे.

रानजाई

कावेरीकाठ, राग कसला. खरं तर हे मी पहिल्या लिहिण्यातच घालायला हवं होतं. आमच्याकडेही हे आपोआप झालं नाही. चौदा वर्षं मी एकटीच करत होते. रिपोर्ट आल्यावर मी त्या दोघांना सांगितलं की ही वही तिघांची आहे, माझी एकटीची नाही, कारण पोटात तिघांच्या गेलंय. तेव्हापासून नवरा माझ्याआधी अर्धा तास घरी येतो म्हणून कुकर त्याचा. मी येते तेव्हा वाफ जिरलेली असते. पहिला महिना डाळ करपली, भात चिकट झाला, मी काही बोलले नाही आणि हातही लावला नाही. ते गप्प राहणं सगळ्यात अवघड गेलं.

मीठभाकर

आणि त्याला 'मदत' म्हणू नका घरात. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. माझ्या दोन्ही मुलांना दहावीनंतरच्या सुट्टीत कुकर, पोळी आणि एक उसळ शिकवली. एक आता बंगळूरला आहे, रोज रात्री स्वतः करून खातो. तुमच्या मोठ्याला आठवड्यातला एक वार द्या, पूर्ण. काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, करणं, ओटा पुसणं, सगळं त्याचं. एखादी पाककृती पाठवून 'हे कर' असं सांगितलं तर डोकं तुमचंच चालत राहतं.

कावेरीकाठ

वार द्यायची कल्पना करून बघते. बुधवार देते, त्या दिवशी शाळेत बैठक असते.

चाकणकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. कुकर घेतला. मीठभाकर ताईंच्या मापाने खिचडी केली, पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं, आता जमते. त्यात एकदा पालक, एकदा शेवग्याच्या शेंगा, एकदा गाजर-मटार घातले. दुसऱ्या पाळीहून रात्री साडेबाराला आलो तरी करतो, कारण डाळ-तांदूळ धुऊन डब्यात ठेवूनच जातो, फ्रीज शेजारच्या मित्राचा. ॲसिडिटीची गोळी आठवड्यातून एखादीच लागते.

पिठलंही झालं. गुठळ्या झाल्या होत्या, आईने सांगितलं पीठ आधी ताकात कालव. आता अडलंय ते भाकरीवर. गावाहून ज्वारीचं पीठ आणलं होतं दिवाळीत, त्याची भाकरी थापतानाच मोडते, कडेने भेगा पडतात. हाताचा दोष की पिठाचा?

आजोळ

पिठाचा. दिवाळीत दळलेल्या पिठाची विरी केव्हाच गेली बाळा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ ताजं लागतं, पंधरा दिवसांच्या आतलं. बाजरीचं तर आठ दिवसांतच संपव, नाहीतर कडवट होतं. त्या जुन्या पिठाची धिरडी कर, त्यात थोडं बेसन आणि कांदा घाल, वाया जाणार नाही.

आणि दळण आणलंस की आधणाचं पाणी वापर. परातीत पिठाला खड्डा करून उकळतं पाणी ओत, चमच्याने कालव, दोन मिनिटं झाकून मग हाताला सोसेल तसं भरपूर मळ. मळण्यात कंटाळा करायचा नाही. पहिल्यांदा हातावर नाही आली तर प्लास्टिकच्या कागदावर थाप. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव, पाणी सुकायच्या आत उलट.

चाकणकर

आजी, गावाहून येणाऱ्या टेम्पोत आईने मालदांडी ज्वारी पाठवली. आज सुट्टी होती, गिरणीत टाकून आलो. दोनच किलो दळली.